पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमसीए की बीएस्सी कम्प्युटर सायन्स? (नाशिक)

इंदिरानगरची_आई:

नमस्कार. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित होतं, बोर्डाला ७४ टक्के. एमएचटी-सीईटीला ८१ पर्सेंटाइल, म्हणजे नाशिकमध्ये हव्या त्या कॉलेजात कम्प्युटर इंजिनिअरिंग मिळणं अवघड दिसतं. बीसीए-बीबीएची सीईटीही दिली आहे. आता घरात दोन पर्यायांवर खल चाललाय: पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमसीए, किंवा बीएस्सी कम्प्युटर सायन्स करून पुढे एमएस्सी.

एका ठिकाणी प्रवेशाची माहिती देणारे म्हणाले, "इंटिग्रेटेडमध्ये एक वर्ष वाचतं आणि पुन्हा सीईटीची कटकट नाही." खरंच वाचतं का? आणि तीन वर्षांनी काही कारणाने सोडावं लागलं तर हातात काय राहतं? मुलीला गणित आवडतं, अकरावी-बारावीत थोडं सी शिकली आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. नाशिकच्या बाहेर पाठवायला हरकत नाही, पण कारण पटलं पाहिजे.

द्वारका_सर्कल:

ताई, वर्ष वाचत नाही. बोटांवर मोजा. बीसीए तीन वर्षं, त्यावर एमसीए दोन वर्षं (एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून दोनचं झालं), एकूण पाच. इंटिग्रेटेड एमसीए, पाच. बीएस्सी तीन आणि एमएस्सी दोन, पाच. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि वर एक वर्षाचं एमएस्सी, पुन्हा पाच. वर्ष खरोखर वाचतं ते बीटेक-एमटेक ड्युअल डिग्रीत, कारण तिथे चार अधिक दोन म्हणजे सहाची पाच होतात.

मग इंटिग्रेटेडमध्ये वाचतं काय? तिसऱ्या वर्षानंतरची एमसीए सीईटी आणि तिची कॅप (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरी, एवढंच. त्या बदल्यात तीन वर्षांनी चांगल्या कॉलेजात उडी मारायची संधी सोडावी लागते. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: आज मिळणारं हे कॉलेज पाचही वर्षं राहावं असं आहे का? पहिल्या पसंतीचं असेल तर घ्या. "दुसरं काही मिळत नाही म्हणून" असेल तर पाच वर्षांची गाठ मारू नका.

"इंटिग्रेटेड" या शब्दाचाही आपल्याकडे घोळ आहे. नाशिकमध्ये अकरावीला इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि जेईई-नीटचा क्लास एकाच छपराखाली. पदवीच्या इंटिग्रेटेडशी त्याचा काडीचा संबंध नाही. पदवीतही दोन प्रकार असतात. एकात पाच वर्षांनी एकच पदवी मिळते, दुसऱ्यात बॅचलर आणि मास्टर अशा दोन स्वतंत्र पदव्या. हा फरक पहिली चार वर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही, नोकरीचा फॉर्म भरताना येतो. तिथे "पदवीचे गुण" आणि "पदव्युत्तर गुण" असे दोन रकाने असतात, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष वेगळं विचारतात, आणि एकच पदवी असली की पहिल्या रकान्यात काय लिहायचं हे कळत नाही. अशा मुलांनी पहिल्या सहा सत्रांची एकत्रित गुणपत्रिका आणि सीजीपीएचे टक्के करून दिलेलं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून वेळेत काढून ठेवावं. कॅम्पसची यादी लागल्यावर धावाधाव केली तर ते हाती येत नाही.

आता मध्येच सोडण्याचं. राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आराखडा ठरवून दिला आहे. एक वर्ष पूर्ण म्हणजे ४० ते ४४ क्रेडिट आणि सर्टिफिकेट, दोन वर्षं ८० ते ८८ आणि डिप्लोमा, तीन वर्षं १२० ते १३२ आणि पदवी, चार वर्षं १६० ते १७६ आणि ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं. पण हा झाला आराखडा. तुम्ही बघताय त्या कोर्सला तिसऱ्या वर्षानंतर बीसीए ही पदवी मिळते का, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं दाखवायला सांगा. तोंडी "हो हो, मिळते" चालणार नाही. त्याच पानावर तिसऱ्यातून चौथ्या वर्षात जायची अट असते: किमान सीजीपीए किती, मागचे किती विषय राहिले तर चालतात. मुलं अडकतात ती बहुधा इथेच.

क्रेडिटची नोंद अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये होते आणि तिथे क्रेडिट सात वर्षं टिकतं. डिजीलॉकरवर आधीच खातं उघडा. आधारवरचं, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि कॉलेजच्या अर्जातलं नाव अक्षरन् अक्षर एक असू द्या. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, एवढ्यावरून नोंद जुळत नाही आणि ते तिसऱ्या वर्षी उघडकीला येतं.

शून्यापासून_मोजतो:

हिशेब बरोबर आहे, पण "मुलीला गणित आवडतं" हे वाक्य कोणी उचललं नाही, आणि माझ्या मते निर्णय त्याच्यावर आहे.

आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कम्प्युटर सायन्सची घडण बीसीएपेक्षा वेगळी आहे. कम्प्युटरच्या बरोबरीने गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संख्याशास्त्र ही जुनी जोड तिथे आहे, आणि त्यासाठी बारावी सायन्स गणितासह लागते. बीसीए-एमसीएचा रोख अ‍ॅप्लिकेशन बनवण्यावर असतो. गणित आवडणाऱ्या मुलीला पुढे डेटा सायन्स, मशीन लर्निंग, क्रिप्टोग्राफी खुणावेल, आणि तिथे रेषीय बीजगणित व संभाव्यता कच्ची असली की पायथनच्या तयार लायब्ररी चालवण्यापलीकडे जाता येत नाही. तेव्हा बीएस्सीला गेली तर मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र घ्यायला सांगा. मायनर निवडताना बहुतेक मुलं "कुठला सर सोपा पेपर काढतो" हे बघतात. ते ओपन इलेक्टिव्हला (इतर शाखेतल्या ऐच्छिक विषयाला) चालेल, मायनरला नाही, कारण मायनर पदवीभर सोबत राहतो.

नावांची गल्लत टाळा. बीएस्सी (कम्प्युटर सायन्स), बीसीए (सायन्स), बीबीए (कम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन) ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि शेवटचं वाणिज्य शाखेतलं आहे. बीसीए, बीबीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आल्यामुळे त्यांना राज्याची सीईटी आली. बीएस्सीला ती लागत नाही, प्रवेश कॉलेजच्या गुणवत्ता यादीवर होतो. नावात थोडा बदल करून तेच शिकवणारे कोर्सही निघालेत. पदवी प्रमाणपत्रावर नक्की काय छापणार, हे विचारून घ्या.

आता पहिल्या सहा महिन्यांत मुलं कुठे आपटतात ते. अकरावी-बारावीला आपल्याकडे अजून टर्बो सी चालतं, डॉसबॉक्सच्या निळ्या पडद्यात. कॉलेजात उबुंटूवर जीसीसी हा कम्पायलर समोर येतो आणि पाठ केलेला प्रोग्रॅम चालेनासा होतो. कोनिओ डॉट एच ही फाइल तिथे नसते, त्यामुळे क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच दोन्ही गेले. टर्बो सीमध्ये इंटिजर दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. त्यात एक मिळवला की उत्तर उणे ३२७६८. म्हणूनच ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) ४०३२० येण्याऐवजी उणे काहीतरी येतं आणि मुलं तर्कातली चूक शोधत बसतात. जीसीसीत इंटिजर चार बाइटचा, त्यामुळे गाडी १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत नीट जाते आणि १३ ला पुन्हा घसरते. चूक तर्कात नसून डब्याच्या मापात आहे, हे ज्याला पहिल्या महिन्यात उमगलं त्याचं पुढचं सोपं जातं.

दुसरी हमखास चूक: स्कॅनएफने आकडा वाचला आणि लगेच पुढे एक अक्षर वाचायला सांगितलं, तर प्रोग्रॅम अक्षरासाठी थांबतच नाही. आकड्यानंतर दाबलेलं एंटर बफरमध्ये पडून असतं, तेच "अक्षर" म्हणून उचललं जातं. पर्सेंट-सीच्या आधी अवतरणात एक मोकळी जागा सोडली की झालं.

तिसरी, डेटा स्ट्रक्चर्सला. लिंक्ड लिस्टमधून (एकमेकांचा पत्ता धरून ठेवणाऱ्या नोंदींच्या साखळीतून) नोड काढताना आधी तो फ्री करतात आणि मग त्याच्यातूनच पुढच्या नोडचा पत्ता वाचतात. घर पाडल्यावर दारावरची पाटी वाचायला जाण्यासारखं आहे ते. आधी मागच्या नोडचा दुवा पुढच्याला जोडायचा, मग मधला मोकळा करायचा. यातली मेख अशी की चुकीच्या क्रमानेही प्रोग्रॅम कधी कधी बरोबर चालतो, कारण मोकळी केलेली जागा अजून कोणी वापरलेली नसते. मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्लिप उचलली, परीक्षकाने दुसरा आकडा दिला, आणि सेगमेंटेशन फॉल्ट. घरी व्हॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली एकदा चालवून बघितलं की हे आधीच पकडलं जातं.

लॅपटॉपला ८ जीबी रॅमवर भागेल, १६ असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ आणि व्हर्च्युअल मशीन रडवत नाही. हार्डडिस्क एसएसडीच हवी. ग्राफिक्स कार्डासाठी पहिल्या वर्षी पैसे घालू नका.

आग्रा_रोड:

बाहेरगावी पाठवायची तयारी असेल तर इंटिग्रेटेड हा शब्द खरोखर ज्यांना शोभतो त्या जागा बघा. ग्वाल्हेरच्या ट्रिपलआयटीएमचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड पीजी, जेएनयूचा बीटेकवर एमटेक किंवा एमएस देणारा ड्युअल. हे जेईई मेनवर आणि जोसाच्या (आयआयटी-एनआयटींच्या सामायिक प्रवेशाच्या) फेऱ्यांतून मिळतात. हैदराबादच्या ट्रिपलआयटीची बीटेक अधिक संशोधनावर आधारित एमएस अशी ड्युअल डिग्री आहे, तिची युजीईई ही वेगळी परीक्षा असते. कोइमतूरच्या पीएसजी टेकमध्ये पाच वर्षांचं एमएस्सी आहे, त्यात थिअरॉटिकल कम्प्युटर सायन्स नावाचा स्वतंत्र कोर्स आहे. गणित आवडणाऱ्यांनी निदान त्याचा अभ्यासक्रम तरी वाचावा. आणि नाशिकहून आग्रा रोडने धुळे-सेंधवा करत सरळ इंदूर गाठलं की देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आयआयपीएसमध्ये इंटिग्रेटेड एमसीए आहे.

केंद्रीय विद्यापीठांचा रस्ता सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून जातो. २०२५ च्या पद्धतीनुसार प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ गुण आणि चुकलं की १ वजा. आपल्या राज्याच्या सीईटीला चुकीचे गुण कापत नाहीत, त्यामुळे इथली मुलं शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना अंदाजाने उत्तरं देऊन टाकतात. ती सवय सीयूईटीला घेऊन गेलं तर महाग पडते.

यंदा सीयूईटी किंवा जेईई मेन दिलेली नसेल तर हा सगळा परिच्छेद पुढच्या वर्षाचा समजा. आणि फक्त या कोर्ससाठी वर्ष गाळणं मला पटत नाही.

इंदिरानगरची_आई:

सगळ्यांचे आभार. जेईई दिलेली नाही, त्यामुळे बाहेरचं यंदा नाही. दोन गोष्टी राहिल्या. मुलींना फी माफ आहे म्हणतात, ती दोन्हीकडे लागू होते का? आणि एमएस्सी केलं तर पुढे एमटेक करता येतं, की तिथे फक्त इंजिनिअरिंगवाल्यांना घेतात?

कमी_साखर:

फीचं मी सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. अटी नीट वाचा. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्था स्तरावरचा प्रवेश बसत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. नाशिकच्या आसपास कॉलेज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही जागा प्रत्यक्षात खासगी विद्यापीठं आहेत, तेव्हा पाटीवर "विद्यापीठ" आहे का आणि ते कोणत्या प्रकारचं, हे आधी बघा. पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल आणि इंटिग्रेटेड एमसीएची जागा कॅपमधून मिळाली असेल, तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या कॉलेजच्या नावाखाली तो कोर्स यादीत दिसतो का ते तपासा. दिसत नसेल तर प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा. सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, जिमखाना वगैरे भरावंच लागतं. पावतीवर हे आकडे वेगवेगळे लिहून घ्या, एकरकमी "फी" अशी पावती घेऊ नका.

बीएस्सी पारंपरिक अभ्यासक्रमात मोडतं, तिथे महाडीबीटीवर वेगळ्या योजना आहेत. कम्प्युटर सायन्स अनुदानित कॉलेजातही बहुधा विनाअनुदानित तुकडी म्हणून चालतं, त्यामुळे "आमचं कॉलेज अनुदानित आहे" एवढ्यावरून फी कमी असेल असं धरू नका.

कागदपत्रांत ओबीसीसाठी घात करतं ते नॉन-क्रीमी लेयर. त्यावर "३१ मार्च अमुकपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. ती तारीख प्रवेशाच्या वर्षातल्या मार्चची असेल तर ते संपलेलं आहे. पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतचं लागतं. वेळेत दिलं नाही तर अर्ज खुल्या गटात जातो आणि फेरी आपल्यासाठी थांबत नाही. निकालानंतर सेतूवर झुंबड असते, म्हणून आजच अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा. जात वैधता हाताशी नसेल तर त्याचीही पावती लागेल.

आणि प्रवेश घेतल्यावर मन बदललं तर: यूजीसीच्या परतावा नियमात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी अर्ज दिला तर पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५ हजारांच्या आत), त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे शून्य. यूजीसी काही वर्षी वेगळ्या तारखाही काढते, त्या वर्षीचं परिपत्रक बघा. कॅपच्या जागेला सीईटी सेलचे स्वतःचे नियम असतात, ते वेगळे वाचा.

शून्यापासून_मोजतो:

एमटेकचं मी घेतो. एमएस्सी कम्प्युटर सायन्स किंवा एमसीए केलेल्यांना गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर बऱ्याच संस्था एमटेक कम्प्युटर सायन्सला घेतात. काही जागी बारावी किंवा पदवीला गणित असल्याची अट असते. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर मात्र एमटेक मिळत नाही. गेटला बसायला पदवीचं तिसरं वर्ष चालू असलं तरी पुरतं. ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास, गुण तीन वर्षं वैध. कम्प्युटर सायन्सच्या पेपरात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, थिअरी ऑफ कम्प्युटेशन, कम्पायलर, डिजिटल लॉजिक आणि कम्प्युटर ऑर्गनायझेशन येतं. यातलं शेवटचं बीसीएच्या वाटेवर फार उथळ होतं, बीएस्सीच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे निदान ओळख असते. गेटवरून एमटेकला गेलं की दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. दुसरा रस्ता नेटचा (प्राध्यापकी आणि पीएचडीसाठीची परीक्षा): पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, ओबीसी नॉन-क्रीमी लेयरला ५०.

म्हणून माझं मत बीएस्सी, मायनर गणित. तिसऱ्या वर्षी ठरवा: चौथं ऑनर्सचं वर्ष तिथेच करायचं, पुण्यात एमएस्सीला जायचं, की एमसीएची सीईटी द्यायची. सहा सत्रांत ७५ टक्के राखले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचीही वाट उघडते.

द्वारका_सर्कल:

मी इंटिग्रेटेडला अगदीच बाद करणार नाही. फी माफी कॅपच्या जागेवर मिळत असेल आणि तीन वर्षांनंतर बीसीए पदवी लेखी असेल, तर घरच्या खर्चाचा विचार करता ते खिशाला परवडेल. फक्त कॉलेज बघायला जाताना लॅबमध्ये डोकावा. शेवटचं सत्र जवळजवळ सगळीकडे इंटर्नशिपचं असतं, तेव्हा मागच्या तुकडीची मुलं कुठे गेली याची यादी कंपनीच्या नावासकट मागा. नाशिकमध्ये सॉफ्टवेअरचं काम मोजकं आहे, बहुतेक यादीत हिंजवडी आणि खराडीच असेल. म्हणजे शेवटचे सहा महिने पुण्यातल्या राहण्याचा खर्च आजच धरून ठेवा.

आणि बीएस्सीच्या गुणवत्ता यादीची मुदत सहसा कॅपच्या फेऱ्यांआधी संपते. तिथे प्रवेश घेऊन ठेवायचा असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चार साक्षांकित प्रती आधी काढा. मूळ दाखला एकदा जमा झाला की तो परत मिळवायला प्रवेश रद्द करावा लागतो, आणि कॅपच्या पडताळणीला तोच मूळ दाखला लागतो.

इंदिरानगरची_आई:

दाखल्याचं डोक्यातच नव्हतं. उद्या सकाळी आधी सेतू, मग कॉलेज.